घर तारण ठेवून इलेक्ट्रिक गाडीच्या कामासाठी मशीन घ्यावे का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) बनवत आहोत. माल एका मोठ्या पुरवठादार कंपनीला जातो आणि तिच्यामार्फत कार कंपनीला. पूर्वी निम्म्याहून जास्त काम डिझेल इंजिनाचे असायचे, ते आता बरेच आटले आहे. याच कंपनीच्या खरेदी विभागाने सांगितले आहे की, येऊ घातलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरच्या फिरत्या भागाचा दांडा, म्हणजे रोटर शाफ्ट, बनवण्याचे काम आम्हाला मिळेल, महिन्याला चार हजार नग. पण त्यासाठी एक ग्राइंडिंग मशीन आणि एक सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन आम्हीच बसवावे. खर्च १ कोटी ६० लाख आहे, पैकी १ कोटी २० लाखांचे कर्ज काढावे लागेल आणि तारण राहते घर. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून माझ्याबरोबर काम करतो. तो म्हणतो, आता मागे राहिलो तर कायमचेच मागे राहू. घर माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे आणि ती सही करायला तयार नाही. कार कंपन्या आज एक जाहीर करतात आणि उद्या दुसरे. आम्ही कोणाचे ऐकावे? महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे.
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : काम घ्या, पण घर तारण ठेवू नका, आणि चार हजार नगांचा आकडा कागदावर आल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत देताना इलेक्ट्रिक गाड्या किती वेगाने वाढतील याचा अंदाज मी बांधलेला नाही. तो बांधण्यासाठी कार कंपन्यांकडे स्वतंत्र विभाग असतात, आणि तरीही त्या आपले निर्णय वारंवार बदलतात. बाजार बदलला की निर्णय बदलण्याचा त्यांना अधिकार आहे, किंबहुना तो त्यांनी बदललाच पाहिजे. मला काळजी आहे ती निर्णय बदलल्यावर होणारे नुकसान कोणाच्या खात्यावर पडते याची, कारण आपल्याकडे ते बहुतेक वेळा साखळीतल्या सर्वांत लहान माणसाच्या खात्यावर पडते आणि तसे पडणार हे त्याला आधी कोणी सांगतही नाही.

डिझेलचा चढता काळ तुम्ही तुमच्या शॉपमधून पाहिला आहे. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात दोन्हींच्या दरांत एवढी तफावत पडली की, २०१२-१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या डिझेलवर चालणाऱ्या होत्या. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन रांजणगावात बनत होते, तेच इंजिन परवान्याखाली मारुतीसाठी मानेसरला बनत होते, आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत ते बसत होते. त्या भरात आपल्या भागातल्या किती शॉपनी कर्ज काढून मशीन घेतली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. पुढे दोन्ही इंधनांच्या दरांतली तफावत घटत गेली, १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू होणार हे ठरले, आणि ते निकष पाळण्यासाठी लहान डिझेल इंजिनावर करावा लागणारा खर्च लहान गाडीच्या किमतीत बसेनासा झाला.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मारुतीने स्वतः विकसित केलेले १.५ लिटरचे नवे डिझेल इंजिन मार्च २०१९ मध्ये सियाझमध्ये आणले, आणि एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे महिनाभराच्या आत, पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपासून आपण डिझेल गाड्या विकणार नाही, असे जाहीर केले. कंपनीचा हा निर्णय मी चुकीचा मानत नाही. पेट्रोल आणि सीएनजीवर भर देऊन तिने बाजारातले पहिले स्थान राखले. एक नवे इंजिन वर्षभरात बाजूला ठेवण्याचा खर्च एवढी मोठी कंपनी ताळेबंदात सोसू शकते. त्या इंजिनाच्या एखाद्या भागासाठी ज्याने फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारी चौकट) आणि गेज (मोजमापाचे साधन) बनवून घेतले असतील, त्याच्याकडे मात्र असा ताळेबंद नसतो. त्याच्याकडे बँकेचा हप्ता असतो.

दुसरे उदाहरण तुमच्या शॉपपासून तासाभराच्या वाटेवर आहे. जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू केला. जुलै २०१५ मध्ये कंपनीने भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, आणि मे २०१७ मध्ये, दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत, वर्षअखेरीपासून भारतात शेव्हर्ले गाड्या विकणार नसल्याचे सांगितले. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, पण डिसेंबर २०२० मध्ये तेही उत्पादन थांबले. दरम्यान जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी कारखाना विकण्याचा करार झाला होता. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वमंजुरीची अट घातली, ती मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये करार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. कारखाना वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मधल्या जवळपास पाच वर्षांत तिथले कामगार न्यायासाठी झगडत होते, आणि केवळ तळेगावच्या भरवशावर शेड उभारलेल्या लहान उद्योजकाला पाच वर्षे हप्ते थांबवून वाट पाहण्याची सोय कोणत्याही बँकेने दिलेली नव्हती.

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले कार उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा मागील दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे कारण दिले. तिचा साणंदचा कारखाना पुढे टाटांनी ७२५ कोटी ७० लाख रुपयांना घेतला. मोठ्या मालमत्तेला उशिरा का होईना, गिऱ्हाईक मिळते. एका मॉडेलसाठी घेतलेल्या खास मशीनला लिलावात काय भाव येतो, हे भोसरीत वेगळे सांगायला नको.

आता इलेक्ट्रिक गाड्यांकडे येतो. त्या वाढणार याबद्दल मला शंका नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या दोन नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने काही महामार्गांवर या गाड्यांना टोलमाफीही दिली. तुमच्या मुलाला जे दिसते आहे ते खरे आहे. परंतु २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर प्रवासी गाड्यांमागे इलेक्ट्रिक गाड्या दोन-तीनच होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर आधीपासूनच ५ टक्के होता, तो तसाच राहिला, म्हणजे दोन्हींच्या किमतींतले अंतर इलेक्ट्रिकच्या विरुद्ध दिशेने सरकले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि बजाज ऑटोसारख्या कंपनीलाही इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन काही काळ कमी करावे लागले. तुमचा रोटर शाफ्ट ज्या मोटरमध्ये बसणार, तिच्यात बहुधा हीच चुंबके असतील. तेव्हा गिऱ्हाईक रांगेत उभे असतानाही तुमचे शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, निम्म्यावर येऊ शकते.

बाहेरही हेच चालले आहे. २०३० पर्यंत फक्त इलेक्ट्रिक गाड्या विकण्याचे उद्दिष्ट व्होल्वोने सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेतले, मर्सिडीजने त्याच वर्षी आपले उद्दिष्ट लांबवले. या कंपन्या भित्र्या आहेत किंवा त्यांनी शब्द मोडला, असे मी म्हणणार नाही. बाजाराची दिशा कळणे आणि वेग कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हप्ता दिशेवर फिटत नाही, वेगावर फिटतो. शिवाय तुम्हाला मिळणारे काम एका कंपनीच्या, एका मॉडेलच्या, एका मोटरचे आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार दुप्पट झाला आणि नेमके हेच मॉडेल पडले, तर बाजाराच्या वाढीचा तुम्हाला काही उपयोग नाही. उद्या कार कंपनीने मोटर, गिअर आणि इन्व्हर्टर असा संपूर्ण संच दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्यायचे ठरवले, तर मॉडेल धडाक्याने खपत असतानाही तुमचा शाफ्ट बंद होईल.

आता हिशेब मांडू. १ कोटी २० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी १० टक्के व्याजाने धरले, तर महिन्याचा हप्ता साधारण २ लाख ५५ हजार येतो. महिन्याला चार हजार नग गेले तर हप्त्याचा भार नगामागे ६४ रुपये. शेड्यूल दीड हजारांवर आले तर तोच भार १७० रुपये. तुमचा दर मात्र चार हजार नग धरूनच ठरलेला असेल. मधले १०६ रुपये कोण देणार? यात तुमचे स्वतःचे ४० लाख, वीजबिल, मशीन लावून देणाऱ्या सेटरचा पगार आणि सुरुवातीच्या काळातले रिजेक्शन मी धरलेलेच नाही. व्हॉल्व्ह गाइडमध्ये तुमचा हात बसलेला आहे. रोटर शाफ्ट ही वेगळी वस्तू आहे, मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारी, जिचा रनआउट (फिरतानाचे डगमगणे) मायक्रॉनमध्ये मोजला जातो, आणि नमुने मंजूर होऊन नियमित उत्पादन सुरू होईपर्यंत काही महिने सहज जातात. त्या महिन्यांत हप्ता चालू असतो आणि बिल शून्य असते.

म्हणून तुमच्या ग्राहकाकडून आलेला कागद पुन्हा एकदा वाचा. माझा तर्क असा की, तो ओपन पर्चेस ऑर्डर असेल किंवा तिचा मसुदा असेल. अशा ऑर्डरमध्ये दर असतो, ड्रॉइंग नंबर असतो, गुणवत्तेच्या अटी आणि दंडाची कलमे असतात, नग नसतात. नग दर महिन्याच्या शेड्यूलमध्ये मेलवर येतात आणि ते कमी केले तर कोणी कोणाला काही देणे लागत नाही. चार हजारांचा आकडा तुम्हाला तोंडी सांगितला गेला आहे, हे तुमच्या पत्रावरूनच कळते. सांगणारा अधिकारी प्रामाणिक असेल, त्याला वरून तोच आकडा मिळाला असेल. पण दोन वर्षांनी त्या खुर्चीत दुसरे कोणी बसलेले असेल.

तेव्हा लेखी मागा, आणि नेमके मागा. पहिल्या तीन वर्षांत ठरलेल्या नगांच्या किमान किती टक्के उचल होईल हे लिहून मागा, आणि उचल त्याहून कमी झाली तर फरकाचा दर काय राहील हेही त्यातच येऊ द्या. फिक्स्चर, गेज आणि टूलिंगचा खर्च ग्राहकाने आगाऊ द्यावा, कारण ती साधने त्याच्या भागासाठीच असतात आणि बहुतेक करारांत त्यांची मालकीही त्याच्याकडेच जाते. आगाऊ देणे त्यांना मान्य नसेल, तर तो खर्च विशिष्ट नगसंख्येवर वाटून दरात मिळवावा आणि तेवढे नग होण्याआधी मॉडेल बंद झाले तर उरलेली रक्कम एकरकमी द्यावी. मॉडेल पुढे ढकलले गेले तर काय, याचे एक स्वतंत्र वाक्य करारात असू द्या, कारण मॉडेल रद्द होण्यापेक्षा लांबणीवर पडण्याचे प्रसंग जास्त येतात आणि लहान उद्योजक त्यातच जास्त बुडतात. मोठ्या पुरवठादार कंपन्या कार कंपन्यांकडून अशा अटी मागून घेतात. जी हमी त्या वरून मागतात ती खाली देण्याची वेळ आली की त्यांना व्यवसायातल्या विश्वासाची आठवण होते, याचा मला राग येतो आणि तो मी लपवू इच्छित नाही.

पैशाच्या मुदतीबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, आणि आयकरातील बदलामुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. तिप्पट व्याज मागून ग्राहक दुखावणे तुम्हाला परवडणार नाही हे मी जाणतो. पण ४५ दिवसांचे कलम नव्या ऑर्डरमध्ये आधीच लिहून घेतले, तर नंतर भांडावे लागत नाही.

मशीनच्या निवडीबद्दल मुलाशी निवांत बोला. केवळ याच शाफ्टसाठी बनवलेले खास मशीन घेऊ नका. ज्यावर उद्या पंपाचा, गिअरबॉक्सचा किंवा एखाद्या औद्योगिक मोटरचा शाफ्टही करता येईल, असे सर्वसाधारण सिलिंड्रिकल ग्राइंडर घ्या, मग सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, थोडा जास्त लागला तरी चालेल. सीएनसी आधी घेऊन सुरुवातीच्या नगांचे ग्राइंडिंग बाहेर जॉब वर्कवर करून घेता येते का, हे ग्राहकाला विचारा. काही ग्राहक प्रक्रिया बाहेर पाठवायला परवानगी देत नाहीत, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही. तसे झाले तर निम्म्या कर्जात सुरुवात होते, आणि दुसरे मशीन घेण्याचा निर्णय सहा-आठ महिन्यांचे प्रत्यक्ष शेड्यूल हातात आल्यावर घेता येतो.

तुमच्या पत्रात व्हॉल्व्ह गाइडचा उल्लेख मावळत्या कामासारखा आला आहे, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. २०२४-२५ मध्ये सीएनजी गाड्यांची विक्री डिझेल गाड्यांच्या पुढे गेली. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. व्हॉल्व्ह, सीट आणि गाइड यांची झीज त्यात जास्त होते, म्हणून त्यांच्या धातूकडे आणि मापाकडे इंजिन बनवणारे अधिक बारकाईने पाहतात. हायब्रिड गाडीतही इंजिन असते आणि इंजिनात व्हॉल्व्ह गाइड असतातच. प्रवासी गाड्यांतून डिझेल आटले असले तरी ट्रॅक्टर, जनरेटर आणि मालवाहू गाड्यांत ते पुढची कितीतरी वर्षे राहणार आहे, आणि अशी इंजिने बनवणाऱ्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कमिन्स यांसारख्या कंपन्या पुणे परिसरातच आहेत. त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत शिरायला वेळ लागतो, चाचण्या द्याव्या लागतात, पण त्यासाठी घर तारण ठेवावे लागत नाही, कारण मशीन तुमच्याकडे आधीच आहेत. सुट्या भागांचा बाजारही आहे; गेल्या पंधरा वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर त्यांची इंजिने उघडली जाणारच. तुमचा खरा धोका व्हॉल्व्ह गाइडमध्ये नाही, सारा माल एकाच ग्राहकाला देण्यात आहे, आणि नवा शाफ्टही त्याच ग्राहकाचा असल्यामुळे हा धोका कमी न होता वाढणार आहे. मुलाचा उत्साह आणि त्याचे वय लक्षात घेता नवे ग्राहक शोधण्याचे काम पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावे, असे मी सुचवेन.

वहिनींचा विरोध भीतीपोटी आहे असे समजू नका. राहते घर व्यवसायाच्या कर्जाला न जोडणे हा त्यांचा निर्णय व्यवहाराच्या कसोटीवर पूर्णपणे योग्य आहे. बँकेला सांगा की, घर तारण न ठेवता सीजीटीएमएसई या पतहमी योजनेखाली कर्ज हवे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी या योजनेची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत वाढवली आहे, तुमची रक्कम त्यात आरामात बसते, आणि मशीन बँकेकडे नजरगहाण राहते, म्हणजे ते वापरता तुम्हीच, पण कर्जाला तारण तेच असते. वर्षाला हमीशुल्क द्यावे लागेल, आणि हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. कर्ज थकले तर ते फेडण्याची जबाबदारी तुमचीच राहते, एवढे ध्यानात असू द्या. शाखेत आधी नकार मिळण्याची शक्यता आहे, कारण घर तारण घेणे बँकेला सोपे असते. तसे झाल्यास नकाराचे कारण लेखी मागा आणि दुसऱ्या दोन बँकांकडे अर्ज करा. त्यांनीही या ऑर्डरकडे पाहून पैसे द्यायला नकार दिला, तर ऑर्डरच्या ताकदीबद्दल तुम्हाला एक तटस्थ मत फुकटात मिळाले असे धरा, आणि काम दुसऱ्या मशीनवाचून सुरू होत नसेल तर सोडून द्या.

महिनाअखेरची मुदत खरेदी विभागाने घातलेली आहे आणि अशा मुदती बहुधा हलतात. या आठवड्यात त्यांना मेल पाठवा. त्यात काम स्वीकारण्याची तयारी पहिल्याच वाक्यात लिहा, त्याखाली किमान उचल, टूलिंगचा खर्च, मॉडेल लांबल्यास किंवा बंद पडल्यास भरपाई आणि ४५ दिवसांत पैसे, या चार मागण्या मांडा आणि भेटीची वेळ मागा. भेटीला मुलाला बरोबर न्या. पत्नीची सही मागण्याचा विषय तोवर घरात काढू नका. ग्राहकाने चारपैकी पहिल्या तीन मागण्या मान्य केल्या आणि एखाद्या बँकेने पतहमीवर कर्ज मंजूर केले, तर त्या सहीची गरजच पडणार नाही.